जीआर निघाला का? मंत्रालयाचे वृत्तांकन करणाऱ्या वार्ताहरांना खुले पत्र

प्रति,
मंत्रालय व विधिमंडळाचे वृत्तांकन करणारे सर्व वार्ताहर,
मुंबई.

विषय : मंत्र्यांची घोषणा आणि तिचा शासन निर्णय (जीआर) यांमधील अंतराची बातमी होण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

विषय लिहिल्याशिवाय मजकुराला हात घालता येत नाही, ही पस्तीस वर्षांच्या नोकरीने लावलेली खोड आहे. ती आपण चालवून घ्याल अशी आशा करतो. १९८३ मध्ये मी लिपिक-टंकलेखक म्हणून मंत्रालयात रुजू झालो आणि २०१८ मध्ये कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो. इमारतीच्या मधल्या मोकळ्या चौकात कोणी वरून उडी घेऊ नये म्हणून ज्या वर्षी जाळी बसवली गेली, तेच माझे निवृत्तीचे वर्ष. या सगळ्या काळात आपला आणि माझा संबंध रोजचा होता, पण तो समोरासमोरचा क्वचितच असे. आमच्या कक्षात तयार झालेली टिपणी मजल्यामागून मजला चढत वर जाई, तिच्यावर मंत्रिमहोदय काहीतरी बोलत, आणि ते बोलणे दुसऱ्या दिवशी मुलुंडहून व्हीटीला येताना मी आपल्या वर्तमानपत्रात वाचत असे. टिपणीत एक आणि बातमीत दुसरेच, हे इतक्या वेळा पाहिले की पुढेपुढे त्याचे काही वाटेनासे झाले. निवृत्तीनंतर हाताशी वेळ आला, तेव्हा मी रोज सकाळी शासनाच्या संकेतस्थळावरचे आदल्या दिवशीचे शासन निर्णय आणि आदल्या दिवशीच्या बातम्या शेजारी ठेवून वाचू लागलो. हे पत्र त्या वाचनातून आलेले आहे.

म्हणणे आधीच सांगतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत राज्य शासनाचे वृत्तांकन हे शासन काय लिहिते यापासून सुटून शासन काय बोलते याकडे सरकत गेले आहे. मंत्री पोर्चमध्ये गाडीतून उतरताना जे बोलतात, बंगल्याच्या फाटकाशी वाहिन्यांच्या बूमसमोर जे सांगतात, सकाळी एका पक्षाचे नेते पत्रकार परिषदेत जे विचारतात आणि दुपारी दुसऱ्या पक्षाचे नेते त्याला जे उत्तर देतात, त्यातच दिवस भरतो. शासनाचे काम मात्र बोलण्यावर चालत नाही. तलाठ्याला, मुख्याध्यापकाला, जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला किंवा कोषागारातल्या लेखापालाला मंत्र्यांचे भाषण कितीही पाठ असले तरी त्याचा उपयोग नसतो. खाली 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' असे लिहिलेला आणि संगणक संकेतांक पडलेला कागद, म्हणजे शासन निर्णय, त्यांच्यापर्यंत पोहोचेपर्यंत त्यांच्या लेखी काहीही घडलेले नसते. आपल्या बातमीत मात्र ते तीन आठवड्यांपूर्वीच घडून गेलेले असते, आणि बातमी वाचून कचेरीत गेलेला माणूस 'अजून आमच्याकडे काही आले नाही' हे उत्तर ऐकून परत येतो.

याचे सगळ्यात मोठे उदाहरण वाशीचे आहे. २७ जानेवारी २०२४ रोजी सकाळी तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या हातून रस घेऊन मनोज जरांगे पाटील यांनी मराठा आरक्षणासाठीचे उपोषण सोडले, गुलाल उधळला गेला, आणि दिवसभर बहुतेक वाहिन्यांवर व दुसऱ्या दिवशी बहुतेक वर्तमानपत्रांत मागण्या मान्य झाल्याची बातमी होती. आदल्या दिवशी सामाजिक न्याय विभागाने जो कागद काढला होता तो जात प्रमाणपत्राच्या २०१२ च्या नियमांत सुधारणा करणाऱ्या अधिसूचनेचा मसुदा होता, आणि त्यावर १६ फेब्रुवारीपर्यंत हरकती व सूचना मागवल्या होत्या. मसुदा या शब्दाचा अर्थ आमच्या कक्षातल्या नव्या लिपिकालाही पहिल्या महिन्यात कळतो: यावर लोक बोलतील, त्या बोलण्याची छाननी होईल, विधि व न्याय विभाग पाहील, मग अंतिम अधिसूचना निघेल किंवा निघणार नाही. 'सगेसोयरे' हा शब्द त्या दिवशी महाराष्ट्रभर पोहोचला, पण त्याच्या पुढचा 'मसुदा' हा शब्द पोहोचला नाही. पुढे त्याच मसुद्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून पुन्हा उपोषणे झाली. मागणी योग्य होती की अयोग्य, या वादात मी येथे पडत नाही. माझी तक्रार एवढीच आहे की जो फरक त्या कागदाच्या पहिल्याच पानावर छापलेला होता, तो त्या दिवशी वाचकाला सांगितला गेला नाही. काहींनी सांगितला, हेही नमूद करतो. पण तो आतल्या पानावर, खालच्या चौकटीत होता.

दुसरे उदाहरण त्यानंतरच्या वर्षाचे आणि याच्या नेमके उलटे आहे. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य झाली. विरोध वाढताच त्याच महिन्यात शालेय शिक्षणमंत्र्यांनी 'अनिवार्य' या शब्दाला स्थगिती देत असल्याचे सांगितले, आणि बातमी संपली. सुधारित शासन निर्णय निघाला तो १७ जूनला. म्हणजे सुमारे आठ आठवडे स्थिती अशी होती की मंत्र्यांच्या तोंडी एक धोरण होते आणि शाळेच्या फाइलीत दुसरे, आणि नव्या वर्षाच्या पुस्तकांची तयारी याच आठवड्यांत होत असते. नवा कागद निघाला तेव्हा 'अनिवार्य'च्या जागी 'सर्वसाधारणपणे' हा शब्द आला होता, आणि हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असेल तर किमान २० विद्यार्थ्यांची अट होती. या वेळी मात्र आपल्यापैकी अनेकांनी कागद वाचला. 'सर्वसाधारणपणे' या क्रियाविशेषणाची एवढी चिकित्सा मी माझ्या सेवाकाळात कधी पाहिली नव्हती, आणि खोटे कशाला बोला, ती वाचताना मला फार बरे वाटले. २९ जून रोजी दोन्ही शासन निर्णय रद्द झाले. ५ जुलैला वरळीच्या डोममध्ये दोन ठाकरे बंधू एका व्यासपीठावर आले आणि पुढचे कित्येक दिवस कॅमेरे त्यांच्यावरून हलले नाहीत, ते स्वाभाविकच होते. पण त्या व्यासपीठाची वाट एका शासन निर्णयातल्या एका शब्दापासून सुरू झाली होती.

लोकांना हे आपल्याआधी कळले आहे, असे माझे निरीक्षण आहे. अंगणवाडी सेविका, एसटीचे कर्मचारी, कोतवाल, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक, यांतले कोणीही आझाद मैदानावर बसले की आश्वासनावर उठत नाहीत. 'आधी जीआर काढा' ही त्यांची घोषणा झाली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठा आरक्षणाच्या मंत्रिमंडळ उपसमितीचे मंत्री मसुदा घेऊन त्या मैदानावर आले, तेव्हा आंदोलकांनी तो आपल्या अभ्यासकांकडून वाचून घेतला आणि शासन निर्णय निघाल्यावरच उपोषण सोडले. वाशीला पोळलेल्या माणसांनी दीड वर्षात जे शिकून घेतले ते मैदानाला लागूनच पत्रकार भवन असलेल्या आपल्या व्यवसायाने शिकू नये, हे मला पटत नाही.

आता थोडे आमच्याविषयी, कारण केवळ दुसऱ्याचे दोष दाखवणारी टिपणी आमच्याकडे परत येत असे.

१९९० च्या दशकाच्या अखेरची गोष्ट आहे. मी ज्या विभागात होतो त्याचे नाव येथे घेत नाही. एका योजनेचे प्रसिद्धिपत्रक करण्यासाठी आमच्या कक्षाकडून माहिती मागवली गेली, आणि घाईत मी एका ठिकाणी लाखांच्या जागी कोटी लिहिले. चूक माझीच होती. ते पत्रक वर गेले, कोणाच्या लक्षात आले नाही, आणि दुसऱ्या दिवशी मी चार वर्तमानपत्रे घेतली तर चारही ठिकाणी तोच आकडा, तेच वाक्य आणि तोच चुकलेला स्वल्पविराम. त्या आकड्याप्रमाणे एकेका लाभार्थ्याला जी रक्कम मिळायला हवी होती ती हास्यास्पद होती. बातमीतच लाभार्थ्यांची संख्या दिलेली होती, त्यामुळे साधा भागाकार केला असता तरी ते दिसले असते. मी दिवसभर दूरध्वनीकडे पाहत बसलो. कोणाचाही आला नाही. शुद्धिपत्रक काढावे असे मी सुचवले, तेव्हा माझे तेव्हाचे वरिष्ठ हसून म्हणाले की कोणी विचारले तर काढू. त्या दिवशी मला जी सुटका वाटली तिची लाज पुढे बरीच वर्षे वाटत राहिली. आता तर पत्रक छायाचित्रासह थेट आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर येते, मथळाही मंत्र्यांच्या जनसंपर्क अधिकाऱ्यानेच दिलेला असतो, आणि त्यातला स्वल्पविराम आजही प्रवास करतो, हे मी रोज पाहतो.

त्याच सुमारास एका छोट्या सायंदैनिकाचे वार्ताहर अधूनमधून आमच्या कक्षात येत. मंत्र्यांच्या दालनासमोरची गर्दी ओसरली की साडेपाचच्या सुमारास ते खाली उतरत, माझ्या टेबलासमोरच्या मोडक्या खुर्चीवर बसत आणि एकच प्रश्न विचारत: 'साहेब, पैसा कोणत्या लेखाशीर्षातून?' लेखाशीर्ष म्हणजे अर्थसंकल्पात एखादा खर्च ज्या नोंदीखाली दाखवतात ती नोंद. मी कधीच उत्तर दिले नाही. वर्तणूक नियमांकडे बोट दाखवायचे आणि चहा मागवायचा, एवढेच मी करत असे. ते चहा घेत, आभार मानत, आणि ग्रंथालयात जाऊन अर्थसंकल्पाची जाडजूड पुस्तके उलगडून बसत. दोनतीन वेळा त्यांनी असे दाखवून दिले की ज्या योजनेचा मोठ्या थाटात शुभारंभ झाला तिच्या लेखाशीर्षासमोर एक हजार रुपयांची नाममात्र तरतूद आहे. आमच्या भाषेत याला लाक्षणिक तरतूद म्हणतात: पुढे पुरवणी मागणीत, म्हणजे वर्षाच्या मध्येच विधिमंडळाकडे मागितलेल्या वाढीव रकमेत, पैसे मिळाले तर ठेवायला जागा असावी, म्हणून घातलेला टोपलीतला पहिला कांदा. त्यांच्या बातम्या सायंदैनिकात येत, त्यामुळे फार लोक वाचत नसत. आमच्या मजल्यावर मात्र त्या सगळेच वाचत, आणि पुढची टिपणी लिहिताना हात जरा सांभाळून चालत. वृत्तांकनाचा शासनावर परिणाम कसा होतो, याचे एवढे स्पष्ट उदाहरण मी दुसरे पाहिलेले नाही.

तेव्हा मी जे त्यांना सांगितले नाही ते आता आपल्याला सांगतो. निवृत्तीनंतर ते गुपित राहिलेले नाही आणि खरे तर कधी नव्हतेच. शासन निर्णय वरून खाली वाचू नये. वरती प्रस्तावना असते, आणि ती लिहिताना आम्ही पूर्वीच्या तीन-चार कागदांतून वाक्ये उचलत असू. खालून वर वाचावे. सहीच्या वरच्या एकदोन परिच्छेदांत खर्च कोणत्या मागणी क्रमांकातून आणि कोणत्या लेखाशीर्षाखाली भागवायचा आहे हे लिहिलेले असते, आणि 'वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक' असे शब्द असतात, ती वित्त विभागाच्या सहमतीची खूण. ते शब्द आहेत का, ते पाहावे. नसतील, आणि योजनेला पैसे लागणार असतील, तर बातमी तिथे आहे. 'तत्त्वतः मान्यता' म्हणजे अजून काहीही मंजूर झालेले नाही. आपण ती नेहमी 'मंजुरी' म्हणून छापता. 'प्रशासकीय मान्यता' म्हणजे काम करायला हरकत नाही, निधी दिला असे त्यात कोठेही म्हटलेले नसते. 'सुधारित प्रशासकीय मान्यता' हे शब्द दिसले की आधीचा आकडा शोधून काढावा, तो फार काही सांगतो. 'उपलब्ध निधीच्या मर्यादेत' हे शब्द दिसले तर लाभार्थ्यांची यादी कापली जाणार हे गृहीत धरावे. आणि प्रत्येक मोठ्या निर्णयानंतर पंधरा दिवसांनी त्याच विभागाचे शुद्धिपत्रक निघाले का ते पाहावे, कारण राजकारण बरेचदा निर्णयात नसते, शुद्धिपत्रकात असते. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेची घोषणा २८ जून २०२४ रोजी अर्थसंकल्पात झाली आणि शासन निर्णय त्याच दिवशी निघाला. शासनाच्या मनात आले तर कागद किती वेगाने निघतो याचा हा नमुना. पण पाच दिवसांतच वयाची मर्यादा ६० वरून ६५ झाली, जमिनीची अट गेली आणि अर्जाची मुदत वाढली. कोणत्या अटी का बदलल्या, त्यामुळे भार किती वाढला आणि त्याला वित्त विभाग काय म्हणाला, यावर मला जेवढे वाचायला हवे होते तेवढे मिळाले नाही. दीड हजार रुपये जमा झाले का, हे विचारणारे मात्र पुष्कळ होते.

कागद वाचून काय होते हे आपल्याच व्यवसायाने दाखवून दिलेले आहे. १९८१ मध्ये मी नोकरीच्या शोधात होतो आणि सिमेंट परवान्यावर मिळत असे. मुख्यमंत्र्यांच्या न्यासाला देणग्या कोणी दिल्या आणि सिमेंट कोणाला मिळाले, या दोन याद्या अरुण शौरी यांनी शेजारी ठेवल्या. जानेवारी १९८२ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल आला आणि बॅरिस्टर अंतुले यांना पद सोडावे लागले. त्या याद्यांत 'सूत्रांच्या माहितीनुसार' असे काही नव्हते. २०१२ मध्ये राज्याच्या आर्थिक पाहणीतल्या एका तक्त्याने वादळ उठवले: दशकभरात सुमारे सत्तर हजार कोटी रुपये खर्च होऊनही सिंचनाचे प्रमाण ०.१ टक्क्याने वाढले होते. सप्टेंबरात तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. पुढे ते परतले आणि आरोपांचे काय झाले हा स्वतंत्र विषय आहे. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे की आर्थिक पाहणीचे ते पुस्तक दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर आपल्या प्रत्येकाच्या हातात पडते.

याच्या उलट, २०१९ चे ते तीस दिवस आठवावेत. २४ ऑक्टोबरला निकाल लागला, आणि २३ नोव्हेंबरच्या सकाळी घराघरांत पडलेल्या वर्तमानपत्रांत उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार असे ठळक अक्षरांत छापलेले असताना राजभवनात देवेंद्र फडणवीस यांचा शपथविधी उरकला. राष्ट्रपती राजवट उठवल्याचा आदेश पहाटे पावणेसहाच्या सुमाराचा होता. त्यासाठी मी आपल्याला दोष देत नाही. रात्री काय ठरले हे मंत्रालयातल्या भल्याभल्यांनाही ठाऊक नव्हते. पण तीस दिवस, रात्रंदिवस, आपली सगळी शक्ती अशा एका गोष्टीवर खर्च झाली की जी दोनचार माणसांखेरीज कोणालाच माहीत असणे शक्य नव्हते. त्या काळात अवकाळी पावसाने खरीप गेला होता आणि राष्ट्रपती राजवटीत मदतीचे आदेश निघत होते, ते आपल्याकडे त्या मानाने किती आले? राजकीय बातमीला माझा विरोध नाही. कोण कोणाला भेटले, हे मलाही वाचायला आवडते, बायकोला त्याहून जास्त. पण सूत्रांवर चालणाऱ्या बातमीत सूत्राचा हेतू मिसळलेला असतो, आणि उद्या ती खोटी ठरली तर कोणालाही जाब विचारता येत नाही. कागदाला तारीख असते, क्रमांक असतो आणि सही करणाऱ्याचे नाव असते.

शासनाच्या बाजूने आपली वाट अवघड केली गेली आहे, हे मला मान्य आहे. पूर्वी वार्ताहर कोणत्याही मजल्यावर निर्वेध फिरत. आता चेहरा ओळखणाऱ्या यंत्रापुढे उभे राहावे लागते, आणि कक्षात येऊन बसलेल्या वार्ताहराची खबर वर जायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागत नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी मांडला जातो, म्हणजे त्यावर सभागृहात चर्चा होऊ नये आणि आपणही नागपूरला असाल तर परतीच्या गाडीच्या घाईत असावे. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने जे आपणहून जाहीर करायला हवे, त्याची पाने अनेक विभागांच्या संकेतस्थळांवर जुनी झाली आहेत. एकीकडे हे असे, आणि दुसरीकडे ५ मार्च २०२५ च्या शासन निर्णयाने माध्यम संनियंत्रण केंद्राला मान्यता मिळाली, त्यासाठी दहा कोटी रुपये ठेवले गेले, आणि सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत आपल्या बातम्या गोळा करून त्यांची वर्गवारी करण्याचे ठरले. त्यावर आपण टीका केली ती रास्तच होती. तरीही तो शासन निर्णय वाचताना एक विचार मनात आल्यावाचून राहिला नाही: शासन चौदा तास आपल्याला वाचणार, त्यासाठी माणसे नेमणार, पैसे देणार, शासनाला चौदा तास वाचणारे कोण आहे?

ते करण्यासाठी माणूस लागतो, आणि तो आपल्या संपादकांकडे नाही, हेही मला दिसते. ज्या वर्तमानपत्राचे मंत्रालयात तिघे-चौघे असत तिथे आता एकजण असतो. तोच बातमी देतो, तोच मोबाइलवर चित्रफीत करतो, तोच संकेतस्थळासाठी दर तासाला चार ओळी पाठवतो, आणि संध्याकाळी अग्रलेखवाल्यांना माहितीही पुरवतो. अशा माणसाला सत्तावीस पानांचा शासन निर्णय वाचा म्हणणे सोपे आहे. त्याचा पगार वेळेवर होतो का, हे विचारणे अवघड आहे. म्हणून या पत्राची प्रत मी संपादकांनाही देत आहे. मंत्रालयात ठेवलेल्या माणसांपैकी एकाला तरी आठवड्यातले दोन दिवस कॅमेऱ्यापासून मोकळे ठेवावे, अशी त्यांना विनंती आहे. जो मंत्री दररोज बोलतो तो आज ऐकला नाही तरी उद्या ऐकता येतो.

आणि घोषणेची दुसरी बाजू जिल्ह्यात असते. कागद निघाला, निधी वितरित झाला, तरी तो तालुक्याला पोहोचला का हे तिथला अंशकालीन वार्ताहरच सांगू शकतो, ज्याला आपल्यापैकी अनेक संस्था बातमीमागे काही रुपये देतात आणि जाहिराती आणण्याचे कामही देतात. धोका मात्र त्याच्या वाट्याला सगळ्यात जास्त. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांच्यावर फेब्रुवारी २०२३ मध्ये गाडी घालण्यात आली ती त्यांची बातमी छापून आली त्याच दिवशी, आणि पत्रकारांवरील हल्ले रोखण्याचा कायदा विधिमंडळाने त्याआधी जवळपास सहा वर्षे, २०१७ मध्ये, संमत केलेला होता. मुंबईतल्या वार्ताहराने शासन निर्णयाचा क्रमांक त्या माणसाला कळवावा आणि त्याने तिथली स्थिती मुंबईला, एवढी साधी देवाणघेवाणही आज नियमाने होत नाही, असे दोन-तीन जणांशी बोलल्यावर लक्षात आले.

माझी मागणी मोठी नाही. कोणत्याही घोषणेची बातमी दिली की आपल्या डायरीत तिच्यासमोर तीन रकाने आखावेत: शासन निर्णयाचा दिनांक, वित्त विभागाची सहमती आणि निधी वितरणाचा दिनांक. तीन महिन्यांनी त्यांतला जो रकाना रिकामा असेल त्याची बातमी द्यावी, आणि ती देताना मूळ घोषणेला पहिल्या पानावर जेवढी जागा दिली होती तेवढीच द्यावी. सभागृहात दिलेल्या आश्वासनांसाठी विधिमंडळाची आश्वासन समिती असते, तिचे अहवालही असतात. पोर्चमध्ये दिलेल्या आश्वासनांसाठी आपल्याखेरीज कोणतीही समिती नाही.

निवृत्त झालेले आम्ही चौघे मुलुंडला जवळपास राहतो. एकजण वित्त विभागात होते, एक नियोजनमध्ये, एक विधि व न्यायमध्ये. अर्थसंकल्पाची पुस्तके, पुरवणी मागण्यांचे विवरण किंवा एखादा शासन निर्णय समजून घ्यायचा असेल तर नव्या वार्ताहरांना बसून समजावून सांगायला आम्ही तयार आहोत. मानधन नको आणि नावही नको. पत्रकार संघाने आझाद मैदानाजवळच्या आपल्या इमारतीत शनिवारी दुपारी एक खोली दिली तर लोकलने येऊ, नाहीतर आमच्या सोसायटीच्या कार्यालयात पंधरा खुर्च्या मावतात. पावसाळी अधिवेशनाच्या आधी सुरुवात झाली तर पुरवणी मागण्या हातात घेऊनच करता येईल.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त कक्ष अधिकारी
मुलुंड पूर्व, मुंबई

प्रत माहिती व उचित कार्यवाहीसाठी : सर्व मराठी वर्तमानपत्रांचे व वृत्तवाहिन्यांचे संपादक